पंचवीस ऐकून मुलं ५२ का लिहितात?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दर पावसाळ्यात आमच्याकडे एकच तमाशा असतो. मी 'त्रेसष्ट' म्हणते आणि बऱ्याच पाट्यांवर ३६ उमटतं. 'पंचवीस' म्हटलं की ५२. ही मुलं ढ नाहीत. मणी मोजायला दिले तर त्रेसष्ट मणी बिनचूक काढून देतात. पण कानावर तीन आधी पडतो, साठ मागून येतात, आणि हात कानाचं ऐकतो.

एक मुलगी मात्र वेगळंच करते. 'त्रे' ऐकल्याबरोबर पाटीच्या उजव्या अंगाला ३ काढते, डावीकडे बोटभर जागा सोडते आणि 'सष्ट' आलं की त्या जागेत ६ बसवते. तिचं कधी चुकत नाही. हे तिला मी शिकवलेलं नाही.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं रद्द केलेली नाहीत, जोडीला सोपा पर्याय दिलाय. ऐकतंय कोण! सगळ्यांना वाटलं, मराठी बुडाली.

तर प्रश्न असा, की संख्यांना आपण कोणत्या नावाने हाक मारतो यावर आपलं गणिती डोकं कसं चालणार हे ठरतं का? आणि ठरत असेल, तर नावं बदलावीत का? अनुभव लिहा. राजकारण नको.

खोडसाळ बोका
'राजकारण नको' लिहिलेला धागा हमखास शंभरी गाठतो. तेव्हा विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावाचं 'फडण दोन शून्य' झालं होतं, एवढंच सांगून मी खाली बसतो.

चिंचगूळ
माझा मुलगा सेमी इंग्लिशला. गणित इंग्रजीत, बाकी मराठीत. परवा त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात सामान आणायला पाठवलं. दुकानदार काका म्हणाले, 'पावणेतीनशे झाले.' पोरगं फोन हातात धरून उभंच. पावणे म्हणजे पाव जास्त, असा त्याचा समज. म्हणजे तीनशेवर काहीतरी. त्याने ३२५ पाठवायला घेतले होते. काकांनी वेळेत हटकलं म्हणून बरं. मग गल्ल्याजवळचा तो डबा बोलला, 'दोनशे पंच्याहत्तर रुपये प्राप्त झाले,' तर घरी येऊन विचारतो, 'पंच्याहत्तर म्हणजे सेव्हन्टी फाइव्ह की नाइन्टी फाइव्ह?'

सांगायचं हे, की शब्द गेले की नुसते शब्द जात नाहीत. पावणे, सव्वा, दीड, अडीच ही आपली मोजायची सवय होती. पावणेतीनशे म्हटल्यावर मला तीनशे दिसतात आणि त्यातून पंचवीस वजा दिसतात. त्याला दोन, सात, पाच असे तीन आकडे दिसतात.

सुपारीफोड
+१. आमच्याकडे सव्वापाच म्हटलं की 'फाइव्ह फिफ्टीन का?' असा उलट प्रश्न येतो.

शंकेखोर
चिंचगूळताई, तुमच्या मुलाला शब्द येत नाही. गणित येतं की. ३०० वजा २५ विचारून बघा, झटकन सांगेल. शब्द ठाऊक नसणं आणि विचार न येणं यांत फरक आहे, आणि या विषयावर बोलताना लोक नेमकी तिथेच गफलत करतात.

'भाषा विचार घडवते' हे वाक्य फार सैल हातांनी वापरलं जातं. ज्यांच्या नावाने हा वाद ओळखला जातो ते बेंजामिन व्होर्फ पोटापाण्यासाठी अमेरिकेत आग-विम्याच्या कंपनीत काम करायचे. 'रिकामी' म्हणून ठेवलेल्या पेट्रोलच्या पिंपांशेजारी कामगार बिनधास्त विड्या ओढतात, कारण 'रिकामं' म्हणजे निर्धोक असं शब्दच त्यांना सांगतो, हे त्यांचं गाजलेलं उदाहरण. प्रत्यक्षात पिंपात वाफ असते आणि वाफ जास्त घातक. उदाहरण झकास आहे, पण त्या कामगारांना वाफेची माहितीच नव्हती असंही असेल की! दोष शब्दाचाच कशावरून?

आणि सुटं आधी, दशक नंतर हे गणिताला मारक असतं, तर जर्मन भाषेत गाऊससारखा थोर गणितज्ञ जन्मला नसता. आपले देवळालीचे द. रा. कापरेकर घ्या. शाळामास्तर माणूस, आयुष्यभर आकड्यांशी खेळला, ६१७४ या संख्येला त्यांचं नाव मिळालं. त्यांना 'चौऱ्याहत्तर' आडवं आलं नाही.

मीठभाकर
चौऱ्याहत्तर आडवं येतंय का नाय ते कापरेकरास्नी नका इचारू, पैलीच्या पोराला इचारा. मोठ्ठी मानसं कशातनं बी वाट काढत्यात.

आमची आजी शाळंत गेली न्हवती. शेरडं-करडं बाजारात न्यायची, यवहार सगळा तोंडी, आन् मोजायची ईसावर. 'चार ईसा आन् पाच' म्हंजी पंच्याऐंशी. मी पंच्याऐंशी म्हनलं की म्हनायची, 'म्हंजी किती ईसा?' पाच ईसा झालं की एक खडा बाजूला. शंभराच्या फुडचा हिशेब खड्यांवर. व्यापाऱ्यानं तिला फसवल्यालं मला तरी ठावं न्हाई.

खोडसाळ बोका
@मीठभाकर, आजी फ्रेंच होत्या का? फ्रेंच लोक ऐंशीला 'चार वीस' म्हणतात आणि नव्वदला 'चार वीस दहा'. पंच्याऐंशी म्हणजे 'चार वीस पाच'. शब्दाला शब्द तुमची आजी.

मीठभाकर
आजी फलटणच्या फुडं गेली न्हाई हो.

ऱ्हाइनकाठी
खोडसाळांनी पॅरिस गाठलं, मी जर्मनीतून लिहितो. इथेही २१ ला 'एक-आणि-वीस'च म्हणतात. मराठी माणूस इथे आला की बाकी भाषेने रडकुंडीला येतो, पण आकड्यांना सरावतो. आमच्या ऑफिसातल्या इंग्रज बाईंना मात्र अजून फोन नंबर घेता येत नाही. जर्मन लोक नंबर जोडीजोडीने सांगतात, 'तीन-आणि-साठ, आठ-आणि-चाळीस', आणि त्या बाई ३६, ८४ लिहून मोकळ्या होतात. माझ्या शेजारचा सहकारी, अस्सल जर्मन, नंबर उतरवताना आधी उजवा आकडा लिहितो, मग डावा. पाटीपेन्सिल यांच्या वर्गातल्या मुलीसारखाच!

आणि हो, इथे बोखुमला एक संस्था आहे, तिचं नावच 'वीस-एक' या अर्थाचं. जुनी पद्धत राहू द्या, पण 'वीस-एक' म्हणायलाही शाळेत परवानगी द्या, एवढीच तिची मागणी. म्हणजे आपला २०१९ चा वाद इथेही आहेच, फक्त तो वाहिन्यांवर आरडाओरडा करून होत नाही.

ओस्लोची थंडी
ऱ्हाइनकाठी, तुमचे जर्मन मागतायत, आमच्या नॉर्वेत करून झालं. संसदेच्या ठरावाने १९५१ साली 'एक आणि वीस' बंद झालं, 'वीस-एक' आलं. कारण ऐकून हसाल. टेलिफोन! एक्सचेंजमधून नंबर सांगता-ऐकताना उलटापालट व्हायची, म्हणून टेलिफोन खात्यानेच लकडा लावला होता. शाळेत, रेडिओवर, सरकारी कामात नवी पद्धत आली.

आणि तरीही आजतागायत इथले म्हातारे, काही तरुणसुद्धा, वय सांगताना 'चार आणि सत्तर' म्हणतात. फोन नंबर मात्र नव्या पद्धतीने. एकच माणूस, दोन्ही चालतं. भाषा बुडाली वगैरे काही नाही.

टोकन नंबर ७
टेलिफोनचं वाचून राहवलं नाही. मी बँकेतून निवृत्त. आमच्या शाखेत खतावण्या हाताने लिहायच्या होत्या तोवर एकजण आकडे वाचायचा, दुसरा उतरवायचा. 'सदुसष्ट' म्हटलं की पेन जागा सोडून ७ टाकायचं आणि मागे येऊन ६ भरायचं. कुणाला यात काही विशेष वाटत नव्हतं. पेनाला मागे येता येतं ना!

मग संगणक आले. कीबोर्डवर मागे येता येत नाही. 'सदुसष्ट' ऐकलं की बोट आधी ७ वर जायचं. ताळा लागेना, संध्याकाळी सगळे एकमेकांवर खेकसायचे. काही महिन्यांत शाखेतल्या सगळ्यांनी आपसूक 'सहा, सात' असं सुटं वाचायला सुरुवात केली, नाहीतर सरळ 'सिक्स्टी सेव्हन'. परिपत्रक आलं नाही, कुणी सांगितलंही नाही. चेकवर 'अक्षरी रुपये' लिहिताना मात्र तीच माणसं 'सदुसष्ट' लिहीत होती.

मोबाइल नंबर मराठीत सांगणारा माणूस शेवटचा कधी भेटला आठवून बघा. मला वाटतं मराठी आकडे इंग्रजी शाळांनी मारले त्याहून जास्त बटणांनी मारले.

सुपारीफोड
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे. दंडवत.

शंकेखोर
टोकन नंबर ७ यांनी माझंच म्हणणं सांगितलं की. आधी साधन बदललं, मग भाषा बदलली. भाषेने विचार बदलला कुठे?

पावकी-निमकीचं, म्हणजे पाव-अर्ध्याच्या पाढ्यांचंही तसंच. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. सोळाचा पाव चार, चौसष्टाचा पाव सोळा, सगळं अर्धं-अर्धं करत सुटसुटीत उतरतं. अशा नाण्यांच्या जगात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असणं ही गरज होती. नवे पैसे आले, शंभराचा रुपया झाला, पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले. पाढ्यांना कामच उरलं नाही. 'पावशेर' शब्द तेवढा २५० ग्रॅमवर जाऊन बसला.

मोडीवाचक
शंकेखोर, अर्धं मान्य. पण तुम्ही दोरी एकाच बाजूने ओढताय. गरजेने पाढे घडले हे खरं. मात्र एकदा पाठ झाल्यावर तेच पाढे डोक्यात वाट पाडतात. मी जुन्या हिशेबाच्या वह्या वाचतो. त्यांत सव्वा रुपया १।, दीड १॥ आणि पावणेदोन १॥। असा लिहिलेला असतो. उभ्या रेघा म्हणजे पाव. दशांश चिन्ह नाही, अपूर्णांकाची आडवी रेघ नाही. ज्याच्या बोलण्यातही पाव आणि लिहिण्यातही पाव, त्याला साडेतीनची सातपट काढायला गुणाकार करावा लागत नाही, ते त्याला पाठ असतं. साडेतीनला आपल्याकडे 'औट' असा वेगळा शब्द आहे आणि त्याचा 'औटकी' हा अख्खा पाढा आहे. साडेतीन ही ज्या समाजाला एक सबंध संख्या वाटते, त्याचं मोजणं वेगळं असणारच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. 'सुटं आधी' ही रीत संस्कृतापासून आलेली. एकविंशति, द्वाविंशति. जुन्या ग्रंथांत आकडे शब्दांनी सांगायची भूतसंख्या नावाची पद्धत होती. नेत्र म्हणजे २, वेद म्हणजे ४. 'नेत्र-वेद' म्हटलं की वाचायचं ४२. नियमच होता, 'अंकानां वामतो गतिः', अंक डावीकडे चालतात. पाटीपेन्सिल यांच्या वर्गातली ती मुलगी उजवीकडून डावीकडे जाते, ती याच रस्त्याने जाते. तिला कृपा करून 'सुधारू' नका.

पण गंमत पुढे आहे. 'वीस एक' आल्यावर मराठी बुडाली म्हणणाऱ्यांनी जुने पाढे ऐकलेले दिसत नाहीत. आमच्या घरी म्हणायचे, 'पंधरा आठे विसासे, पंधरा नव्वे पस्तिसासे, पंधरा दाहे दिडशे.' 'सोळा नव्वे चव्वेचाळासे.' विसासे म्हणजे वीस आणि शंभर, १२०. शंभराच्या पुढेही लहान आधी, मोठं नंतर! आज यातलं काय उरलं? सगळे 'एकशे वीस' म्हणतात, म्हणजे मोठं आधी. शंभराच्या वरची उलटापालट मराठीने केव्हाच करून टाकलीय, फक्त शंभराच्या आतली राहिलीय. विसासे गेलं तेव्हा कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

आणि 'मोठं आधी' हे परकं आहे असंही कुणी म्हणू नये. ज्ञानेश्वरीच्या शेवटी 'शके बाराशते बारोत्तरें' आहे. १२१२ शक, म्हणजे इसवी सन १२९०. आधी बाराशे, मग वरचे बारा.

चिंचगूळ
विसासे!! आईला विचारलं आत्ता. ती म्हणाली, 'अगं हो की,' आणि पंधराचा पाढा सुरू केला. सातला अडखळली, तिथे 'एकशे पाच'च आलं तोंडात. म्हणजे तिच्याच डोक्यात दोन्ही भाषा शेजारी शेजारी बसल्यात.

बेळगावकर वाडा
मी बेळगावचा. घरी मराठी, शेजार कानडी. कानडीत २१ म्हणजे इप्पत्तोंदु, २२ म्हणजे इप्पत्तेरडु. इप्पत्तु म्हणजे वीस, ते आधी. तेलुगू, तमिळमध्येही दशक आधीच. नारळीकर बाईंनी तेव्हा दक्षिणेकडच्या भाषांचा दाखला दिला होता, तो आमच्या गल्लीत रोज ऐकू यायचा. आमच्यातल्या कानडी शाळेच्या पोरांना पंचवीसचं बावन्न हा घोळ काय असतो हेच समजायचं नाही. आम्ही चिडवून घ्यायचो.

मी स्वतः किराणा मालाची बेरीज अजून कानडीत करतो आणि पाढे मराठीत म्हणतो. बायको म्हणते, बिल करताना तुमचा चेहरा मध्येच बदलतो.

शंकेखोर
गल्लीतला अनुभव हा पुरावा नव्हे. कानडी शाळेतल्या पोरांची इतर गणितं कशी होती? शिक्षक कोण होते?

बेळगावकर वाडा
शिक्षक एकच, दोन्हीकडे मारायचे.

खोडसाळ बोका
:)) शास्त्रीय भाषेत याला नियंत्रित प्रयोग म्हणतात.

ऱ्हाइनकाठी
शंकेखोर, पुरावा हवा तर ब्राझीलच्या जंगलात चला. पिरहा लोकांच्या भाषेत नेमक्या संख्यांना शब्दच नाहीत. 'एक'लासुद्धा नाही. काही आहे ते 'थोडं' आणि 'जास्त' या जातीचं. संशोधकांनी त्यांच्यासमोर ओळीत वस्तू मांडल्या आणि तेवढ्याच मांडायला सांगितल्या. समोर दिसत होत्या तोवर त्यांनी बरोबर मांडल्या. वस्तू झाकल्या की गडबड. म्हणजे 'तेवढेच' हा विचार त्यांना कळतो, त्यासाठी शब्द लागत नाही. तो विचार डोक्यात धरून ठेवायला मात्र शब्द लागतो.

मला हे पटतं. संख्येचं नाव हे आठवणीचं साधन आहे. मीठभाकर यांच्या आजीने पाच ईसांना बाजूला ठेवलेला खडाही तेच काम करत होता.

शंकेखोर
हे चांगलं आहे. 'विचार घडवते' पेक्षा 'विचार धरून ठेवते' याला मी सही करायला तयार आहे.

सुपारीफोड
शंकेखोर सही करतायत! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कुणीतरी.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार, धागा फारच पुढे गेला. शंकेखोरांनी मान्य केलं ते माझ्या वर्गात रोज दिसतं. मुलाला ६३ कळतं, मणी ते सांगतात. कागदावर पोचेपर्यंत ते टिकत नाही. वाटेत नाव आडवं येतं.

टोकन नंबर ७ यांचं वाचल्यावर एक करून बघितलं. दोन दिवस पाटी बाजूला ठेवून मुलांना माझ्या फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर आकडे उठवायला लावले. चुका वाढल्या! ती 'उजवीकडून' लिहिणारीसुद्धा ३६ दाबून बसली आणि माझ्याकडे रागाने बघायला लागली. तिच्या युक्तीला बटणांत जागाच नव्हती.

मी सध्या दोन्ही म्हणते. 'त्रेसष्ट, साठ तीन.' मुलं आठवड्याभरात माझी नक्कल करायला लागली. 'बाई, आज तारीख वीस सहा सव्वीस.' पालकांपैकी एकाने विचारलंच, हे काय खूळ. त्यांना मोडीवाचक यांचं विसासे ऐकवलं, ते गप्प झाले. पटलं की कंटाळले ते सांगता येत नाही.

माझी खरी अडचण वेगळीच आहे, ती 'एकोण'ची. 'एकोणसाठ'मध्ये ना पाच ऐकू येतो ना नऊ. मूल साठ ऐकतं आणि ६१ लिहितं. एक आणि साठ, त्याच्या दृष्टीने बरोबरच. 'साठ तीन' म्हणून त्रेसष्ट सुटतं, एकोणसाठला काय करू?

मोडीवाचक
एकोण म्हणजे एकाने उणा. संस्कृतात एकोनविंशति होतं आणि सरळसोट नवदशही होतं, आपण उणं उचललं. लॅटिनवाले तर आपल्यापुढे, ते अठरालाही 'विसात दोन कमी' म्हणायचे. गंमत अशी, की एकोणनव्वदपर्यंत इमानाने उणं करत आलेली मराठी नव्व्याण्णवला नियम मोडते. एकोणशंभर कुणी म्हणत नाही.

वर्गात पावण्याशी जोडून बघा. 'पावणेसहा म्हणजे सहाला कमी, तसं एकोणसाठ म्हणजे साठाला कमी.' मुलांनी घरी पावणेसहा ऐकलेलं असेल तर लगेच बसतं.

चिंचगूळ
इथेच तर घोडं पेंड खातं! पावणेच कळत नाही हो त्यांना. वर लिहिलंय ना मी.

मीठभाकर
बाई, उलटं मोजाय शिकवा. आमी इटी-दांडूला आन् शेरडं कोंडताना उलटं मोजायचो. साठ, एकोनसाठ, अठ्ठावन. सुलटं मोजताना एकोनसाठ साठाच्या आदी येतंय, पोराला साठ ठावंच नसतंय, मग कमी कशातनं करनार? उलटं आलं की साठ आदी भेटतंय.

पाटीपेन्सिल
मीठभाकर, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. उद्याच लगोरीच्या तासाला घेते.

टोकन नंबर ७
उत्तम. आमच्याकडे नोटांची बंडलं तपासताना उलटी मोजायची रीत होती, त्यात चूक लवकर सापडायची.

चिंचगूळ
अवांतर: औटकी पूर्ण येणारं कुणी आहे का इथे? आई उत्साहात येऊन सुरू करते, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, आणि सहाला अडते.

खोडसाळ बोका
सहा औटं एकवीस. वीस एक म्हणा हवं तर.